पानगळीतली अहिराणी

माघ संपत आला की आमच्या पाथर्डी फाट्याच्या बाजूला एकाच सकाळी दोन ऋतू भेटतात. सावलीत स्वेटर हवासा वाटतो आणि उन्हात आलं की तो काढून हातात घ्यावा लागतो. हायवेच्या कडेला द्राक्षांचे क्रेट घेऊन टेम्पो उभे राहायला लागतात. लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी जे वनोद्यान आहे, तिथली झाडं पानं टाकायला लागतात. साग आधी, मग शिरीष, मग बघता बघता सगळीच. परवा सकाळी फाटकातून आत शिरले आणि पायाखाली चुर्र झालं. मी जागीच थांबले. आली म्हटलं पानगळ.

या कॉलनीत मी बारा वर्षं राहते आहे. त्यातली पहिली नऊ वर्षं मला हे रान माहीतच नव्हतं. रिक्षातून येता-जाता पाटी दिसायची, पलीकडे हिरवं-तपकिरी काहीतरी दिसायचं, पण माझ्या लेखी नाशिक म्हणजे भाजीबाजार, बँक, दवाखाना आणि बहिणीचं घर. घरापासून चालत वीस मिनिटांवर मोर ओरडतात, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, असेल बाई.

हे मात्र रोज जायचे. हे म्हणजे माझे यजमान. मनमाडला रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. मी तिथल्याच एका शाळेत मराठी शिकवायचे. दोघंही निवृत्त झालो आणि नाशिकला फ्लॅट घेऊन राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मला विचारलं होतं, "येतेस का चालायला? मागे छान झाडी आहे." मी म्हटलं, "आणि पोळ्या कोण करणार?" दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तेव्हा मी गुडघ्याचं कारण दिलं. तिसऱ्यांदा विचारलं की नाही, आठवत नाही. पुढची नऊ वर्षं हे सकाळी सहाला बाहेर पडायचे, आठला यायचे, चहा घ्यायचे आणि पेपर उघडायचे. आमच्या घरात बोलणारी मीच. हे "हो", "बरं", "बघू" एवढ्यावर दिवस काढायचे. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात माणूस तासन्‌तास एकटा असतो, त्यामुळे बोलायची सवयच मोडते, असं मी लोकांना सांगायचे. निफाडच्या माझ्या बहिणी म्हणायच्या, "तुझे हे किती गं शांत!" मला ते ऐकून बरं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी, याच दिवसांत हे गेले. सकाळी फिरून आले, आंघोळ केली, जेवले. दुपारी छातीत दुखायला लागलं आणि संध्याकाळी दवाखान्यात सगळं संपलं. आमचा मुलगा अमोल बेंगळुरूहून आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात सात-आठ अनोळखी माणसं उभी होती. पायांत बूट, डोक्याला कानटोप्या, एकीच्या गळ्यात मफलर. "देवरेदादांचं घर हेच ना?" जाड भिंगांच्या चष्म्याचे एक गृहस्थ म्हणाले. "मी गांगुर्डे. सातपूरला कारखान्यात होतो. आम्ही सगळे दादांबरोबर सकाळी वर वनोद्यानात असायचो."

मी त्यांना आत घेतलं. सतरंजीवर बसली सगळी. मग गांगुर्डे म्हणाले, "वहिनी, दादांनी आम्हाला काय हसवलंय हो! एकेक किस्सा असा सांगायचे की पोट दुखायचं. त्यांच्याशिवाय आता वर जाववणार नाही." मफलरवाल्या बाई एकदम हुंदके द्यायला लागल्या.

मी अमोलकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं जे माझ्या मनात होतं. ही माणसं चुकून दुसऱ्याच कुठल्या देवऱ्यांकडे आली आहेत. पण गांगुर्डे हार घातलेल्या फोटोकडे बघत डोळे पुसत होते, आणि फोटो ह्यांचाच होता.

तेराव्यानंतर अमोल परत गेला. "चल ना माझ्याबरोबर," म्हणाला. मी "बघू" म्हटलं. त्या दिवसांत घर शांत झालं असं लोक म्हणायचे. घर आधीही शांतच होतं. आता माझं बोलणंही थांबलं, कारण मी बोलायचे ते ऐकून घेणारं कोणी उरलं नव्हतं. दुपारी खिडकीशी बसलं की समोरच्या कडुनिंबाची पानं सुटून खाली येताना दिसायची. एखादं पान कठड्यावर थांबायचं. मी ते उचलायचे नाही, झाडायचे नाही. आणि त्या सगळ्याच्या तळाशी मला राग येत होता. चाळीस वर्षं ज्या माणसाला मी जेवायला वाढलं, तो माणूस दुसऱ्यांना पोट दुखेपर्यंत हसवत होता. मला त्यानं एक किस्सा सांगू नये?

म्हणून मी चालायला लागले. तब्येतीसाठी नाही, शोक हलका व्हावा म्हणूनही नाही. मला चौकशी करायची होती.

पहिल्या दिवशी कॉलनीच्या मागच्या बागेत गेले. नऊ वर्षांत तिथंही पाय ठेवला नव्हता. लोखंडी व्यायामाची यंत्रं, घसरगुंडी, गोल ट्रॅकवर मोबाइल कानाला लावून चालणारी माणसं. मी वॉचमनला विचारलं. "देवरेदादा?" तो म्हणाला. "ते इथं नाही थांबायचे. नळावर बाटली भरायचे आन नाल्याच्या कडेनं पुढं जायचे."

दुसऱ्या दिवशी नाल्याची कड धरली. घरांच्या मागच्या भिंती, त्यावर वाळत घातलेल्या चादरी, आणि मधूनच करंजाची ओळ, जिला जुनी पानं झडत असतानाच नवी तांबूस पालवी फुटत होती. एका तारेवर खंड्या बसला होता. मी मुलांना खंड्यावर निबंध लिहून दिलेला आहे. खरा इतक्या जवळून त्या दिवशी पाहिला. गुडघा दुखायला लागला म्हणून तिथूनच परत फिरले. वनोद्यानाच्या फाटकापर्यंत पोचायला मला चार दिवस लागले.

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो आवाज. हायवेची घरघर मागे राहते आणि पुढे फक्त पानं असतात. वाऱ्यानं सरकणारी, सरड्याच्या पायांनी हलणारी, माझ्या स्वतःच्या चपलांखाली मोडणारी. शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा वरून खुळखुळत होत्या. उघड्या फांद्यांमधून डोंगर स्पष्ट दिसत होता, आणि त्या सगळ्या तपकिरीत वर कुठंतरी एक पळस पेटल्यासारखा उभा होता. असं काही बघितलं की माणूस शेजारच्याला हाक मारतो. मी मान वळवलीसुद्धा.

पहिल्या वळणावर दगडी कट्टा आहे. तिथं गांगुर्ड्यांची मंडळी बसली होती, आणि लांबून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मी दिसले तशी सगळी गप्प झाली. दोघं-तिघं उभीच राहिली. वर्गात बाई शिरल्यावर होतं तसं. त्यांनी मला जागा करून दिली, पाणी दिलं, तब्येत विचारली. हसणं काही परत आलं नाही.

"असं काय बोलायचे हो हे?" शेवटी मीच विचारलं.

गांगुर्डे जरा अवघडले. "आता ते कसं सांगणार वहिनी? रेल्वेचे, गावाकडचे किस्से. पण खरी मजा त्यांच्या अहिराणीत. वर ठगूबाई म्हणून आहेत, पाचोळा काढतात, सटाण्याकडच्या. त्या दोघांचं सुरू झालं की आम्ही फिरणं सोडून ऐकत बसायचो. आम्हाला निम्मं कळायचं नाही, तरी हसायचो."

"अहिराणीत?" मी म्हटलं.

"हो मग. दादा मराठी कुठं बोलायचे?"

मी त्या दिवशी वर गेले नाही. घरी आले आणि दार लावून बसून राहिले.

हे बागलाणातले. सटाण्याच्या पलीकडच्या गावातले. लग्न होऊन मी मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले तेव्हा हे भरपूर बोलायचे. मला ते निम्मं समजायचं नाही आणि उरलेल्या निम्म्याचं हसू यायचं. आहेला शे, मलाला माले. नवीन नवीन मीही गंमत म्हणून ऐकायचे. मग अमोल झाला. चार वर्षांचा असताना एके दिवशी माझ्या शाळेतल्या दोन बाई घरी आल्या होत्या. अमोल धावत आला आणि मला म्हणाला, "माले पानी दे." त्या दोघी हसल्या. वाईट मनानं नाही, पण हसल्या. माझे कान लाल झाले. संध्याकाळी हे ड्यूटीवरून आल्याबरोबर मी म्हटलं, "अमोलसमोर तरी नीट बोलत जा. उद्या शाळेत पोरं चिडवतील त्याला. आणि मी मराठीची बाई आहे, माझ्या घरात असं?"

हे बूट काढत होते. "बरं," म्हणाले.

भांडण झालं नाही. आवाजसुद्धा चढला नाही. मी तो प्रसंग विसरूनही गेले. पण नंतर आमच्या घरात अहिराणी बोलली गेल्याचं मला आठवत नाही. गावाहून भावाचा फोन आला की हे मोबाइल घेऊन जिन्यात जायचे. नाशिकला आल्यावरही जिन्यातच. घरात रेंज नसेल असं मला वाटायचं. माझा फोन त्याच घरात नीट चालत होता, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

दोन दिवसांनी मी ठगूबाईंना शोधत वर गेले. वणवा लागू नये म्हणून या दिवसांत पायवाटांच्या दोन्ही अंगांचा पाचोळा काढून ठेवतात. त्या कामावर ती रोजंदारीनं येते. साठीची, काटक, साडीवर पुरुषी फुलशर्ट घातलेली, हातात लांब दांड्याचा खराटा. मी सांगितलं मी कोण ते. तिनं खराटा झाडाला टेकवला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्हीच का मास्तरीणबाई," म्हणाली. "बसा. दमल्या आसाल."

त्या दिवशी आम्ही एवढंच बोललो. मी बसले, ती झाडत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्या महिन्यात रोज जात राहिले. ठगूबाईचा मुलगा अंबडला कंपनीत कामाला आहे, म्हणून गाव सोडून ती इथं दोन खोल्यांत राहायला आली. सून चांगली आहे, पण दिवसभर घरात बसवत नाही, म्हणून ती हे काम धरून आहे. सुनेचं बोलणं भराभर, हिची अहिराणी तिला कळत नाही. "दादा यायचे तवा तोंड मोकळं व्हायचं," ती म्हणाली. "लांबूनच वरडायचे, काय म्हनस ठगूबाई! मंग मी बी."

'काय म्हनस.' मी ते मनात ह्यांच्या आवाजात म्हणून पाहिलं. जमलं नाही. मोठ्यानं ओरडणारा ह्यांचा आवाज माझ्याकडे नव्हताच.

तिच्याबरोबर राहून मला रान कळायला लागलं. कुठल्या दगडामागे घोरपड ऊन खाते, काटेसावरीच्या फुलांवर कुठले पक्षी भांडतात, तांबट टुक टुक करतो तो नेमका कुठल्या फांदीवर. ह्यांना हे सगळं माहीत असणार. नऊ वर्षं सकाळी आठला हे सगळं डोळ्यांत घेऊन हे घरी येत होते आणि मी चहा पुढे करत विचारत होते, "आज दूधवाला दिसला का खाली?"

फाल्गुन संपत आला तेव्हा एकदा मी धीर करून तिला विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही बोलायचे का गं?"

"बोलायचे ना," ती म्हणाली. "लय बोलायचे. मन्ही बायको लय हुशार शे, म्हणायचे. तिचं मराठी ऐकत ऱ्हावं असं."

"आणि?"

ती थांबली. सांगावं की नाही असं तिच्या तोंडावर आलं. मग म्हणाली, "येकदा म्हनले, ठगूबाई, तिनामोरे बोलानं ऱ्हायनं ते मी पहिले मनमा बोली लेस."

मला समजलं नाही असं वाटून तिनं उलगडून सांगितलं. "म्हंजी, तुमच्यापुढं बोलायचं तर आधी मनात बोलून बघायचे. बरोबर हाय का नाय. मंग तोंडानं."

मला समजलं होतं.

मी उठले आणि एकटीच वरच्या वाटेनं चालत राहिले. जिथं पायवाट संपते तिथं थोडी सपाट जागा आहे. तिथून खाली आमची सगळी वस्ती दिसते. गच्च्या, पाण्याच्या काळ्या टाक्या, हायवेवरचे ट्रक. चाळीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून मनात वाक्यं जुळवत होता. एखादं वाक्य जुळेपर्यंत मी पुढच्या विषयावर गेलेली असायचे. मी बोलण्यात पटाईत. मुलांच्या वह्यांत लाल शाईनं खुणा करणारी. घरातल्या वहीत मी कधी एक अक्षर लिहिलं नाही, आणि तरी तिथं सगळीकडे लाल खुणाच होत्या. राग कधी संपला ते कळलं नाही. त्याच्या जागी जे आलं त्याला मला आजही नाव देता येत नाही.

त्या रविवारी अमोलचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, मी सातवीत असताना बाबा मला शाळेत सोडायला आले होते. फाटकाशी मित्रांसमोर काहीतरी अहिराणीत बोलले. मी म्हटलं, बाबा, नीट बोला ना. नंतर ते कधी शाळेत आले नाहीत." फोन चालूच होता. तिकडून त्याच्या लेकीचा इंग्रजीत काहीतरी मागण्याचा आवाज येत होता.

यंदाची ही माझी चौथी पानगळ. आता गुडघ्याला सवय झाली आहे. कट्ट्यावरची मंडळी मला बघून गप्प होत नाहीत. दोघं वारले, एक बाई मुलीकडे पुण्याला गेल्या, नवी माणसं आली. गांगुर्डे कधी ह्यांचा एखादा किस्सा सांगायला बघतात. रेल्वेतला तांदळाच्या पोत्यांचा किंवा जळगावच्या स्टेशनमास्तरचा. पण मराठीत सांगितल्यावर त्यात तेवढं हसू येत नाही, आणि ते स्वतःच म्हणतात, "छे, दादा सांगायचे ती गोष्टच वेगळी." मी हसते. ती गोष्ट मी ऐकलेली नाही आणि आता ऐकायला मिळणार नाही.

या महिन्यात एक नवं जोडपं यायला लागलं आहे. नुकतेच निवृत्त झालेले असावेत. ते पुढे, ती वीस पावलं मागे. दोघंही गप्प. एकदा न राहवून मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "अहो, जरा भरभर चाला, गाठा त्यांना." ती हसली. "राहू द्या हो," म्हणाली, "आम्हाला असंच बरं वाटतं." आणि तिच्या चालीनं निघून गेली. असेलही. दुसऱ्याच्या घरातलं गप्प राहणं कसलं असतं, ते बाहेरून कुणाला कळतं? माझ्या घरातलं तर मला आतून कळलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी ठगूबाईला एक गोष्ट सांगितली. अमोललाही सांगितलेली नाही. ती वरच्या वाटेवर काम करत होती आणि मी दगडावर बसले होते. ऊन अजून कोवळं होतं.

"ज्या दिवशी हे गेले ना," मी म्हटलं, "त्या दिवशी सकाळी निघताना दारात हे काहीतरी म्हणाले. मी स्वयंपाकघरात चटणी वाटत होते. मिक्सर चालू होता. मी तिथूनच ओरडले, काय? हे म्हणाले, काही नाही. आणि गेले."

ठगूबाईचा खराटा थांबला.

"मिक्सर बंद करायला किती वेळ लागतो? एक बटण. मी बंद केला नाही. घरी आल्यावर विचारीन म्हटलं. आल्यावर विसरले." मी तिच्याकडे वळले. "त्या दिवशी इथं आले होते ना ते? तुझ्याशी बोलले असतील. काय म्हणाले गं?"

ती बराच वेळ आठवत उभी राहिली. खरोखरच आठवत होती, मला दिसत होतं. कपाळाला आठ्या घालून, डोंगराकडे बघत.

"रोजच्यावानीच बोलले आसतील ताई," शेवटी ती म्हणाली. "तीन सालं झाली. मला नाय आठवत."

तिनं काहीतरी बनवून सांगितलं असतं तरी मी ते घट्ट धरून ठेवलं असतं. पळस फुललाय म्हणाले, तुमचं नाव काढलं, काहीही. पण तिनं तसं केलं नाही. माझ्याजवळ आली, माझ्या खांद्यावर तिचा खरखरीत हात थोडा वेळ ठेवला आणि काढून घेतला. वरून पानं येतच होती. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो.

मग तिनं खराटा उचलला. "ताई," म्हणाली, "जरासे पाय वर घ्या."

मी दोन्ही पाय वर घेतले, आणि तिनं माझ्या पायाखालचा पाचोळा ओढून काढला.